मनात पाल चुकचुकते तेव्हा

अग्निशमन दलाचे जवान एका घरात शिरले. आग स्वयंपाकघरात दिसत होती. दिवाणखान्यातून त्यांनी पाण्याचा मारा सुरू केला, पण आग काही केल्या दबेना. त्यांच्या अधिकाऱ्याला एकाएकी कसंसंच झालं आणि त्याने सगळ्यांना ताबडतोब बाहेर काढलं. का, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. ते बाहेर पडतात न पडतात तोच, ज्या जमिनीवर उभे होते तीच खाली कोसळली. खरी आग तळघरात होती, आणि या घराला तळघर आहे अशी शंकासुद्धा कुणाला आली नव्हती.

गॅरी क्लाइन या मानसशास्त्रज्ञाने पुढे या अधिकाऱ्याला खोदून खोदून विचारलं. अधिकाऱ्याचं म्हणणं, आपल्याला अतींद्रिय शक्ती आहे. पण बोलता बोलता एकेक गोष्ट बाहेर आली. स्वयंपाकघरातल्या एवढ्याशा आगीच्या मानाने दिवाणखाना फारच तापला होता. आणि इतकी धग असून आवाज मात्र बेताचा, कारण तो मधल्या जमिनीने अडवला होता. कातडीला कळलं होतं, कानांना कळलं होतं, डोक्याला तेवढं कळायचं राहिलं होतं.

मला हे अतींद्रिय शक्तीपेक्षा जास्त अजब वाटतं. वर्षानुवर्षं आगी पाहिलेल्या माणसाच्या आत हिशेब चालू असतो आणि आकडेमोड न दाखवता थेट उत्तर वर येतं. मनात पाल चुकचुकते म्हणतात ती अशी. तेव्हा अंतःप्रेरणा खरी असते का, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

पंचाईत अशी की चुकीचं उत्तरही त्याच थाटात वर येतं. ढगात शिरलेल्या वैमानिकाचं बघा. विमान बराच वेळ सावकाश एका बाजूला वळत राहिलं की अंतर्कर्णातल्या नलिकांमधला द्रव त्या गतीला सरावतो आणि शरीर छातीठोकपणे सांगतं, आपण सरळ चाललोय. मग विमान खरंच सरळ केलं की उलट्या बाजूला वळल्याचा भास होतो. बाहेर क्षितिज दिसत नसतं. अशा वेळी मनाचा कौल मानणारा माणूस विमान पुन्हा त्याच वळणात घालतो. यात जीव गेले आहेत. म्हणून वैमानिकांकडून घोटून घेतलं जातं की अंगाला काहीही वाटो, विश्वास उपकरणांवर ठेवायचा. बिचाऱ्या कानांचा तरी काय दोष? चालणाऱ्या-पळणाऱ्या प्राण्याचे कान ते, ढगातलं उडणं त्यांना कुणी शिकवलं?

'मनाचं ऐकावं का?' या प्रश्नाला म्हणूनच मी सरसकट उत्तर देत नाही. त्या मनाची शाळा कुठली, ते आधी विचारावं. क्लाइन अंतःप्रेरणेचे चाहते, तर डॅनिएल काहनमन हे दुसरे मानसशास्त्रज्ञ तिच्याकडे संशयाने बघणारे. दोघांनी मिळून २००९मध्ये शोधनिबंध लिहिला, आणि गंमत म्हणजे मतभेद फारसे उरलेच नाहीत. कामात काहीतरी नियमितपणा हवा, आणि आपलं चुकलं की बरोबर हे वेळेवर कळत राहायला हवं. मग मन शिकतं. बुद्धिबळ यात बसतं. शेअरचा भाव पुढे काय होईल हे बसत नाही, तिथे आत्मविश्वास कितीही असो.

माणसांची पारख तर अगदी निसरडी. 'मी माणूस बघताक्षणी ओळखतो' म्हणणाऱ्याला त्याने नाकारलेला माणूस पुढे काय झाला हे कधी कळतच नाही. मग तो शिकणार कशावरून? काहनमन तरुणपणी, १९५५च्या सुमारास, इस्रायली सैन्यात होते. सैन्यात येणाऱ्या मुलांची मुलाखत घेणाऱ्यांचा ठोकताळा निरुपयोगी ठरत होता, म्हणून त्यांनी पद्धत बदलली. सहा गुणवैशिष्ट्यं घ्यायची, प्रत्येकावर ठरलेले प्रश्न विचारायचे, प्रत्येकाचा आकडा वेगळा मांडायचा. मुलाखत घेणारे भडकले. आम्हाला यंत्रमानव करून टाकताय, म्हणाले. त्यावर तोडगा निघाला. हे सगळं झालं की शेवटी डोळे मिटा, हा मुलगा सैनिक झालाय अशी कल्पना करा आणि १ ते ५मधला एक आकडा द्या. पुढे पडताळून पाहिलं, तर हा डोळे मिटून दिलेला आकडा त्या सहा आकड्यांच्या बेरजेइतकाच कामाचा निघाला! माणसं तीच, मनंही तीच. फरक एवढाच की आधी त्यांना नीट बघायला लावलं होतं.

एवढं सगळं मी माझ्या मावशीला रंगवून सांगितलं. तिचा स्वतःच्या अंदाजांवर गाढ विश्वास. कुणाची आठवण काढली की त्याचा फोन येतोच, असं ती म्हणते. आठवण काढली आणि फोन आला नाही, असे दिवस अर्थातच कुणी मोजत नाही. मी सुचवलं, काही वाटलं की लगेच तारीख घालून वहीत लिहून ठेव. खरं झालं तरी खूण कर, खोटं ठरलं तरी कर.

"तू असंच काहीतरी म्हणणार," मावशी म्हणाली, "हे मला आधीच वाटलं होतं."