आठवडा ११ : मारक्या गायी, आणि दोन-तीनच्या मध्ये अडकलेली मी

कोडिंग इंटरव्ह्यूच्या तयारीच्या मागच्या अपडेटमध्ये मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं, की बायनरी सर्च (दर फेरीला निम्मी कक्षा टाकून देत शोधणं) झालं, आता ग्राफ (ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेषांचे प्रश्न). ते शब्द गिळते. ग्राफसाठी आणलेली वही कोरीच आहे आणि अख्खा आठवडा एका प्रश्नाने खाल्ला. नाइट शिफ्ट करून आल्यावर डोळे मिटायच्या आधी दीड-दोन तास मिळतात, तेही असे गेले.

प्रश्न तुमच्या ओळखीचा आहे. स्पोज या कोडिंग-प्रश्नांच्या साइटवरचा 'अ‍ॅग्रेसिव्ह काउज'. ज्यांच्या शीटमध्ये (सरावाच्या प्रश्नांच्या यादीत) अजून आला नसेल त्यांच्यासाठी: एका रेषेत काही खुंटे, काही मारक्या गायी. गायी अशा बांधायच्या, की सगळ्यात जवळच्या दोघींमधलं अंतर जितकं वाढेल तितकं वाढलं पाहिजे. मूळचा हा अमेरिकेतल्या यूसाको स्पर्धेतला, फेब्रुवारी २००५, गोल्ड गट. ही स्पर्धा शाळा-ज्युनिअर कॉलेजच्या वयाच्या मुलांची. मी ३१ वर्षांची. असो.

रविवारी नेहमीप्रमाणे बंगळुरूच्या पार्टनरबरोबर मॉक, म्हणजे सरावाचा इंटरव्ह्यू, होता. ४५ मिनिटं, शेअर केलेलं साधं डॉक्युमेंट, रनचं बटण नाही. तिने प्रश्न टाकला आणि मला मनातून उकळ्या फुटल्या, कारण लीटकोड या दुसऱ्या साइटवरचे असलेच दोन प्रश्न, कोकोची केळी (क्रमांक ८७५) आणि जहाजाचा (१०११), गेल्या आठवड्यात पहिल्या फटक्यात एसी (म्हणजे मंजूर) झाले होते. "उत्तरावर बायनरी सर्च," मी लगेच जाहीर केलं. म्हणजे एक अंतर धरायचं, तेवढं जमतं का तपासायचं आणि दर वेळी निम्मी कक्षा टाकून द्यायची. तपासणीचं फंक्शन लिहिलं, लूप लिहिला, कॉम्प्लेक्सिटी सांगितली. खुंटे १ लाख, अंतर १०० कोटींपर्यंत, म्हणजे साधारण ३० फेऱ्या गुणिले १ लाख, ३० लाख पावलं, आरामात बसतं. १८ मिनिटांत सगळं संपलं. चहा टाकायला उठणारच होते.

"सँपलवर ड्राय रन कर की," ती म्हणाली. म्हणजे प्रश्नासोबतच्या उदाहरणावर कोड हाताने चालवून बघ.

सँपलमध्ये खुंटे १, २, ८, ४, ९ आणि गायी ३. सॉर्ट करून १, २, ४, ८, ९. माझा लूप असा होता: लो (कक्षेचं खालचं टोक) = १, हाय (वरचं टोक) = ८. लो हायपेक्षा लहान असेपर्यंत मिड = लो + (हाय − लो) / २, भागाकारातला अपूर्णांक सोडून. मिडएवढं अंतर जमलं तर लो = मिड, नाही जमलं तर हाय = मिड − १.

मिड ४. पहिली गाय १ वर, दुसरी ५ किंवा त्यापुढे म्हणजे ८ वर, तिसरीला १२ किंवा त्यापुढचा खुंटा हवा, तो नाही. हाय झाला ३. मिड २. गायी १, ४, ८. जमलं. लो झाला २. आता लो २, हाय ३. मिड = २ + १/२, म्हणजे २. जमतंय. लो = २. मिड २. जमतंय. लो = २.

"लो = २," मी परत म्हणाले.

"अगं, तीन मिनिटं झाली, तू दोन आणि तीनच्या मध्येच फिरतेयस."

उत्तर ३ होतं. हाय होऊन समोर बसलं होतं आणि माझा हात तिथवर जात नव्हता.

सोमवारी सुडाने पेटून बसले. लो = मिड मुळे अडकतंय ना, मग लो = मिड + १ करून टाकू. सँपल पास! उत्तर ३. सबमिट केलं. रॉंग आन्सर. आणि स्पोज त्यापुढे एक अक्षर बोलत नाही. लीटकोड निदान कुठल्या इनपुटवर मेलात ते दाखवतं, स्पोज फक्त लाल रंगात तोंड फिरवतं. तेव्हा शिव्या घातल्या. आता वाटतं, इंटरव्ह्यूत समोरचा तरी कुठे सांगतो? मागच्या महिन्यात एका कंपनीने (नाव नको) दोन राउंडनंतर "आठवड्यात कळवतो" म्हणून जे मौन धरलंय ते अजून सुटलेलं नाही.

मंगळवार-बुधवार माझा संशय भलतीकडेच होता. मला वाटलं ग्रीडी (दर गायीला जमणारा पहिलाच खुंटा देणं) चुकतंय. पहिली गाय पहिल्याच खुंट्याला कशावरून? दुसऱ्याला बांधली तर पुढचं जास्त चांगलं बसणार नाही कशावरून? उत्तर समजावणाऱ्या व्हिडिओत "इट्स ऑब्व्हियस" म्हणून पुढे गेलेत. मला ते ऑब्व्हियस वाटत नव्हतं आणि तीन पानं खरडूनही सिद्ध होईना. बुधवारी संध्याकाळी गावाकडे आबांचा रोजचा फोन आला, तेव्हा वैतागून त्यांनाच विचारलं. आमच्या गोठ्यात सध्या तीनच गायी आहेत, पण उमेदीत आठ-नऊ होत्या.

"आबा, गायी मारक्या असतील आणि खुंटे कमी-जास्त अंतरावर असतील, तर तुम्ही पहिली कुठं बांधाल?"

"मारकी हाय व्हय? मग तिला पैल्या खुट्ट्याला, कडंला. म्हंजी एकाच अंगाला गाय येती. मधी बांधलीस तर दोन्ही अंगांस्नी शिंगं."

"आणि दुसरी?"

"पैलीचं शिंग पोचत नाय तितनं जो पैला खुट्टा गावंल त्याला. उगं लांब कशाला नेतीस? मागच्यांस्नी जागा नगं का?"

झालं. तीन पानांत जे बसत नव्हतं ते दोन वाक्यांत. कुठल्याही चांगल्या मांडणीत पहिली गाय उचलून कडेच्या खुंट्याला नेली तर दुसरीपासूनचं तिचं अंतर वाढेल, कमी काही होणार नाही. म्हणजे कडेला बांधण्यात तोटा शून्य. (आबांच्या तोंडचं 'हाय' आणि माझ्या कोडमधलं 'हाय' वेगळं, हे त्यांना समजावण्याच्या फंदात मी पडले नाही.)

म्हणजे तपासणीचं फंक्शन निर्दोष आणि गुन्हेगार लूपच. गुरुवारी शेवटी, जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं, ते केलं. ब्रूट फोर्स (सगळ्या मांडण्या तपासणारा कोड) लिहिला, दहाच्या आतले तीन-चार यादृच्छिक खुंटे घेतले, दोन्ही उत्तरं शेजारी छापली. थोड्याच वेळात सापडलं:

खुंटे १, ३, ९. गायी ३.

जागा तीन, गायी तीन, हलायला वावच नाही. सगळ्यात जवळचं अंतर २. माझा कोड म्हणतोय ३. लो १, हाय ८, मिड ४ जमत नाही, हाय ३. मिड २ जमतं, म्हणून लो = ३. लो आणि हाय भेटले, लूप संपला, उत्तर ३. पण ३ जमतं का हे कुणी तपासलंच नाही! २ हे खरं उत्तर, त्याला ओलांडून मी पुढे गेले. सँपलमध्ये खरं उत्तर नेमकं ३ होतं म्हणून आंधळ्याचा दगड लागला.

हे आकडे बोर्डावर लिहून जमिनीवर बसले आणि तेव्हा खरं कारण दिसलं. शेवटी बरेचदा दोनच घरं उरतात, लो आणि त्याच्या शेजारचा हाय. पूर्णांकी भागाकार खाली झुकतो, त्यामुळे तेव्हा मिड कायम लोवरच पडतो. कोकोच्या केळ्यांत आपण कमीत कमी वेग शोधतो, म्हणजे पहिला 'हो'. तिथे जमलं तर हाय = मिड, नाही तर लो = मिड + १. मिड लोवर पडला तरी दोन्ही बाजूंनी काहीतरी हलतंच. गायींत जास्तीत जास्त अंतर हवं, म्हणजे शेवटचा 'हो'. तिथे जमलं तर लो = मिड, आणि मिड आधीच लोवर, मग हलणार काय? जी बाजू मिडला धरून ठेवते, मिडने तिच्यापासून लांब झुकायला हवं. म्हणून इथे मिड = लो + (हाय − लो + १) / २. बस्स. एवढासा एक.

शुक्रवारी पहाटे सव्वापाचला एसी. हिरवी ओळ पाहून खोलीत एकटीच ओरडले. शेजारच्या काकूंनी दार वाजवून विचारलं, पाल का? लगेच लीटकोडचा १५५२, दोन चेंडूंमधलं चुंबकीय बल, उघडला. तोच प्रश्न, गायींच्या जागी चेंडू. ११ मिनिटं, पहिल्या फटक्यात.

ज्यांना असल्या चुकांची लाज वाटते त्यांच्यासाठी: जोशुआ ब्लॉक यांनी २००६ मध्ये जाहीर लिहिलं, की जावा या प्रोग्रामिंग भाषेच्या लायब्ररीसाठी त्यांनी स्वतः लिहिलेल्या बायनरी सर्चमध्ये नऊएक वर्षं बग होता. तिथे भानगड होती (लो + हाय) / २ ची. बेरीज २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७ च्या वर गेली, की इंट (ठराविक मापाचा पूर्णांक) उलटून ऋण होतो. १०७ कोटींच्या आसपास घटकांचा अ‍ॅरे (यादी) लागतो, म्हणून इतकी वर्षं कुणाच्या पायात काटा रुतला नाही. त्याच लेखात जॉन बेंटली यांची आठवण आहे. कार्नेगी मेलन विद्यापीठात पीएचडीच्या नव्या विद्यार्थ्यांना त्यांनी पहिल्याच तासाला बायनरी सर्च लिहायला लावलं होतं, आणि बहुतेकांचं चुकलं. गायींच्या प्रश्नात हाय जास्तीत जास्त १०० कोटी, बेरीज २०० कोटी, म्हणजे जेमतेम वाचतो. तरी मी लो + (हाय − लो) / २ च लिहिते. त्याचा आणखी एक फायदा आहे. लो −१ आणि हाय ० असेल तर सी++ मध्ये (−१ + ० ) / २ हे ० होतं, शून्याकडे झुकतं. पायथनचा // मात्र −१ देतो. वजाबाकीच्या रूपात हा घोळच नाही, कारण हाय − लो कधी ऋण नसतो.

आयुधांबद्दल थोडं. अप्पा बळवंत चौकातून आणलेला दोन बाय तीन फुटी व्हाइटबोर्ड हा या वर्षातला सगळ्यात वसूल खर्च. मार्कर मात्र स्वस्तातले घेऊ नका, चौथ्या दिवशी पुसल्यावरही लो आणि हायची भुतं मागे राहतात. एडिटरमधला एआय सुचवणारा मी महिन्याभरापूर्वीच बंद केलाय, तो चुकतो म्हणून नव्हे. तो लूप बरोबर पूर्ण करून देतो, तीच तर अडचण. कुठली शीट चांगली या वादात मी पडत नाही. क्रम चांगला असेल तर कुठलीही चालेल, पण प्रश्नाशेजारीच व्हिडिओची लिंक असणं घातक आहे. मी दहा मिनिटांत हात टेकते आणि क्लिक करते. आता लिंकच्या कॉलमचा रंग पांढरा केलाय.

आता पुढचा बेत. ठरलं होतं असं, की बायनरी सर्चची दोन कार्डं करायची. निळं 'पहिला हो', पिवळं 'शेवटचा हो', पिवळ्यावर तो जादा एक लाल शाईने. आणि सोमवारपासून ग्राफ...

थांबा. हे लिहितानाच सुचलं. पिवळं कार्ड लागतंच कशाला? शेवटचा 'हो' म्हणजे पहिल्या 'नाही'च्या आधीचं घर. प्रश्नच उलटा विचारायचा: न जमणारं सगळ्यात लहान अंतर कोणतं? ते शोधायचं नेहमीच्या निळ्या कार्डाने आणि शेवटी एक वजा करायचा. हाय फक्त एका घराने वाढवून घ्यायचा, म्हणजे नक्की न जमणारं अंतर कक्षेत येतं.

उठून बोर्डावर करून आले. १, ३, ९ वर: लो १, हाय ९. मिड ५ नाही, हाय ५. मिड ३ नाही, हाय ३. मिड २ हो, लो ३. संपलं. ३ वजा १, उत्तर २. बरोबर! मग सँपल: मिड ५ नाही, हाय ५. मिड ३ हो, लो ४. मिड ४ नाही, हाय ४. चारातून एक गेला, तीन. बरोबर. एकदाही अडकलं नाही.

आणि मग आठवलं, की सी++ मध्ये २०११ च्या आवृत्तीपासून पार्टिशन पॉइंट नावाचं फंक्शन आहे, जे नेमकं हेच करतं, पहिला 'नाही' शोधून देतं. म्हणजे मला आज सुचलेलं त्यांच्याकडे केव्हाचं फडताळात पडलंय. चालायचंच.

तर पिवळं कार्ड रद्द, आणि ग्राफ आणखी एक आठवडा पुढे. (माहितीये, माहितीये. कमेंट करायची गरज नाही.) आधी लीटकोडचे ८७५, १०११, ४१० (अ‍ॅरेचे तुकडे पाडायचा), १५५२ हे चारही एकाच निळ्या कार्डाने, रन न करता, बोर्डावर. प्रत्येक लूप सबमिट करण्याआधी दोन घरांवर चालवून पाहायचा: लो, त्याच्या शेजारचा हाय, एकदा 'हो' धरून आणि एकदा 'नाही' धरून. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, रविवारी केलं असतं तर आठवडा वाचला असता. ते जमलं तर ४ नंबरच्या, दोन सॉर्टेड अ‍ॅरेंच्या मीडियनच्या वाटेला जाईन. तो मी आजवर दोनदा पाठ केलाय आणि दोनदा विसरलेय.

४१० आत्ता उघडलाय. मॉक रविवारी सकाळी दहाला. पार्टनरला सांगून ठेवलंय, गायी सोडून काहीही टाक.