पट्ट्यांचा छडा लागला: दोष स्टॅकिंगचा नव्हे, डिमरचा

फुलपाखराच्या अंड्याच्या छायाचित्रांत उमटणाऱ्या फिकट-गडद लहरींविषयी मागच्या नोंदीत तक्रार केली होती. त्यांचे कारण अखेर सापडले आहे. ही छायाचित्रे स्टॅकिंगने, म्हणजे फोकस थोडा थोडा सरकवत घेतलेल्या अनेक फ्रेम जुळवून, केलेली होती. कॅमेऱ्यातील स्टॅकिंग कच्चे असते आणि गंभीर कामासाठी संगणकाला पर्याय नाही, असे मत अनेकांनी व्यक्त केले होते. निदान या प्रकरणात तरी ते लागू पडत नाही.

विषय तोच आहे: कुंडीतील संत्र्याच्या कलमाखाली जंबेरीच्या खुंटावर (ज्यावर कलम बांधतात त्या बुंध्यावर) फुटलेल्या नवतीवर लिंबू फुलपाखराने घातलेले पिवळसर अंडे. बागाइतदार असा फुटवा दिसताच काढून टाकतो. मी तो फुलपाखरांसाठी मुद्दाम राखला आहे. ऑलिंपसचा ई-एम१ मार्क २ कॅमेरा, ६० मिमी मॅक्रो लेन्स, त्यापुढे रेनॉक्स डीसीआर-२५० हे वर्धन वाढवणारे जोडभिंग, एफ/५ आणि १/४०० सेकंद ही जुळणीही पूर्वीचीच आहे. अंडे जेमतेम मिलिमीटरभर असते आणि सुमारे दीडपट वर्धनाला डेप्थ ऑफ फील्ड (स्पष्ट दिसणाऱ्या थराची जाडी) मिलिमीटरच्या सहाव्या हिश्शाच्या आसपास उरते. त्यामुळे डिफरेन्शियल, म्हणजे दोन फ्रेममधील फोकसची पायरी, लहान ठेवले, तरी कॅमेऱ्याची १५ फ्रेमची मर्यादा अंड्याच्या दिसणाऱ्या अर्ध्या भागाला पुरून उरते. कुंडी खोलीत आणून, कूलर बंद करून काम करावे लागते. पावसाळ्यातील दमट उकाड्यात याचा अर्थ काय होतो, हे नागपूरकरांना वेगळे सांगायला नको, पण कूलर चालू असला की पानाचे टोक थरथरते आणि पंधरा फ्रेम एकमेकींवर बसतच नाहीत.

आता मुख्य अडचण. जुळवलेल्या जेपेगमध्ये पानाच्या शिरा आणि कडेची लव उत्तम येत होती. परंतु अंड्याच्या गुळगुळीत पृष्ठभागावर मात्र फिकट-गडद लहरी उमटत होत्या. पायरी मोठी पडत असावी, असा पहिला संशय होता. तसे असते, तर दोन फोकस-प्रतलांच्या मध्ये अस्पष्ट पट्टा दिसला असता, उजेडात फरक पडला नसता. शिवाय डिफरेन्शियल कमी करूनही लहरी हटल्या नाहीत. रॉ फ्रेम झेरीन या संगणकावरील स्टॅकिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये घातल्या, तेव्हा त्यातील पीमॅक्स पद्धतीने लहरी अधिकच ठळक केल्या आणि डीमॅप पद्धतीने थोड्या सौम्य केल्या. दोन वेगळ्या ठिकाणी जुळवूनही दोष कायम राहतो, म्हणजे तो जुळणीच्या आधी, फ्रेममध्येच आहे, हे तेथे स्पष्ट झाले.

सुट्या फ्रेम पुन्हा निरखल्या, तेव्हा पानाच्या शिरांच्या गर्दीत नजरेतून निसटणारे आडवे पट्टे दिसले. स्टॅकिंगला इलेक्ट्रॉनिक शटरच वापरले जाते आणि या कॅमेऱ्याच्या सेन्सरला वरपासून खालपर्यंतच्या ओळी वाचायला सुमारे १/६० सेकंद लागतो. तेवढ्या काळात दिवा लुकलुकला, की काही ओळींना अधिक उजेड मिळतो, काहींना कमी. खोलीतील विजेच्या दिव्यावर आरोप ठेवणे सोपे होते. पण ५० हर्ट्झच्या विजेवर दिवा सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतो आणि १/६० सेकंदात असे दोन पट्टेही पुरे बसत नाहीत. पांढऱ्या कागदाचे १/८००० ला छायाचित्र घेतले, तेव्हा मला सोळा पट्टे मोजता आले. सोळा गुणिले साठ म्हणजे हजार हर्ट्झच्या जवळपास. खोलीतील सगळे दिवे मालवून अंड्यावर उजेड टाकणारे एलईडी पॅनेल बॅटरीवर चालवले, तरी पट्टे तसेच राहिले. पॅनेलच्या डिमरची चकती पूर्ण तेजाला फिरवताच पट्टे नाहीसे झाले. हे पॅनेल उजेड कमी करताना विद्युतप्रवाह कमी करत नाही, तर दिवा भरभर चालू-बंद करते, म्हणजेच पीडब्ल्यूएम. प्रत्येक फ्रेममध्ये पट्टे वेगळ्या उंचीवर पडत असल्यामुळे पंधरा फ्रेमचे तुकडे एकत्र आले, की त्यांची गोधडी तयार होत होती.

उपाय अगदी साधा निघाला. पॅनेल पूर्ण तेजावर ठेवायचे आणि उजेड अंतराने व ट्रेसिंग पेपरच्या दोन थरांनी सौम्य करायचा. डीसीआर-२५० पुढे असताना विषय भिंगाच्या अगदी जवळ असतो, त्यामुळे कागदाची चौकट बसवताना हात अवघडतात. पण परिणाम पाहून तो त्रास विसरलो. अंड्याची वक्रता अखंड दिसते आणि त्याची सावलीसुद्धा पानावर सलग पडलेली आहे. जुळवलेले छायाचित्र कडांनी सुमारे ७ टक्के आखडते, एवढे गृहीत धरून मी आता मांडणी थोडी सैल ठेवतो.

पॅनेल विकणाऱ्याने 'फ्लिकर-फ्री' असे छापले होते. त्या शब्दांवर माझा आता काडीचाही विश्वास नाही. नागपूरच्या सीताबर्डी बाजारात पुढच्या वेळी दिवा घेताना कॅमेरा सोबत नेऊन, डिमर अर्ध्यावर ठेवून, १/८००० ला कोऱ्या भिंतीचे छायाचित्र घेतल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत, असे ठरवले आहे. त्याच बाजारातील ४६ ते ५२ मिमीची स्टेप-अप रिंग (लेन्सच्या लहान तोंडावर मोठे जोडभिंग बसवणारे कडे) मात्र स्वस्त असूनही चोख निघाली. रेनॉक्सचा चिमटा तिच्यावर घट्ट बसतो.

यानंतर फ्लॅश वापरून पाहण्याचा बेत होता. इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये फ्लॅशसोबत चालणारा शटरचा वेग (सिंक) १/५० वर अडकतो, तरी फ्लॅशचा झोत इतका क्षणिक असतो की पानाची थरथर गोठते; फक्त दोन फ्रेमच्या दरम्यान फ्लॅश पुन्हा भरायला वेळ द्यावा लागतो. पण हे लिहीत असतानाच अंड्यात बदल दिसला आहे: पिवळेपणा मावळून आत अळीचे काळे डोके जाणवू लागले आहे. चालत्या-हलत्या विषयावर स्टॅकिंगचा उपयोग नाही, म्हणून फ्लॅश बाजूला ठेवून आज प्रो कॅप्चर (बटण पूर्ण दाबण्याआधीच्याही काही फ्रेम राखणारी सोय) लावतो. तेही इलेक्ट्रॉनिक शटरवरच चालते, तेव्हा पूर्ण तेजाचे पॅनेल येथेही लागेल. अळी बाहेर पडल्यावर आधी स्वतःचे कवच खाते. त्या वेळी ती बराच काळ एका जागी राहिली, तर पाच-सहा फ्रेमचा छोटा स्टॅक साधतो का, हेही पाहीन. एफ/८ वर गेलो, तर फ्रेम आणखी कमी लागतील, पण डिफ्रॅक्शनने (लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्याने) लव बोथट होण्याची शक्यता आहे. त्यामुळे दोन्ही एफ-क्रमांकांची तुलना आज दुपारीच करून घेतो.