एका ओहोटीत पाहिलेली मुंबईची बेटे आणि पोवळी

पौर्णिमा उलटून एक दिवस झाला होता, रविवार होता आणि भरती-ओहोटीच्या तक्त्यात सकाळची ओहोटी पावणेसातच्या सुमारास दाखवली होती. हे तिन्ही योग जुळावेत म्हणून मी आणि माझी भाची जवळजवळ दोन महिने थांबलो होतो. मी शाळेत भूगोल शिकवते आणि ती यंदाच महाविद्यालयात हाच विषय घेऊन बसली आहे. बेटे कशी तयार होतात हा धडा आम्ही दोघींनी वेगवेगळ्या काळी पुस्तकातून वाचला, पण ज्या शहरात राहतो ते स्वतःच सात बेटांचे आहे, ही गोष्ट पायाखाली घेऊन पाहावी असे मनात होते. सकाळी हाजी अलीचा खडकाळ किनारा, दुपारी घारापुरी आणि परतताना बोटीतून दिसणारा पूर्व किनारा, एवढाच बेत होता.

महालक्ष्मी स्थानकावरून चालत आम्ही सव्वासहाला दर्ग्याकडे जाणाऱ्या वाटेवर पोहोचलो, तेव्हा पुरते उजाडलेले नव्हते. वरळी कोळीवाड्यातले एक ओळखीचे नाखवा आमच्याबरोबर यायला तयार झाले होते, आणि पहिल्याच दिवशी असे कोणीतरी जाणते माणूस बरोबर असावे, हा माझा पहिला सल्ला आहे. भरतीला ही वाट दोन्ही बाजूंनी पाण्याने वेढली जाते, क्वचित पाण्याखालीही जाते. त्या वेळी मात्र दोन्हीकडे काळा खडक लांबवर उघडा पडला होता आणि त्याच्या खळग्यांतून पाणी साचून राहिले होते. नाखवा म्हणाले, "ताई, पाणी अजून उतरतंय. उतरत्या पाण्याच्या मागं जायचं, चढत्या पाण्याच्या पुढं पळायची वेळ आणायची नाही." आम्ही तसेच केले.

पोवळे दाखवले ते त्यांनीच. गुडघाभर खोल एक खळगा होता, त्याच्या सावलीतल्या कडेला तळहाताएवढा एक चपटा, तपकिरी-राखाडी थर खडकाला चिकटलेला होता; माझ्यासारखीने तो शेवाळ समजून ओलांडला असता. विजेरीचा प्रकाश तिरपा पाडल्यावर त्या थरावर हरभऱ्याच्या डाळीएवढी घरे दिसू लागली, एकाला एक लागून, प्रत्येकाची कड पांढुरकी आणि मध्ये चांदणीसारख्या रेघा. भाची बराच वेळ ओणवी होऊन पाहत राहिली आणि मग हळूच म्हणाली, "मावशी, हे हलतंय." काही घरांतून केसासारखे बारीक स्पर्शक बाहेर आलेले होते आणि उजेड वाढू लागला तसे ते आत ओढले जात होते. प्रवाळ हा प्राणी आहे, हे वाक्य मी वर्गात कितीदा उच्चारले असेल. ते डोळ्यांसमोर घडताना मी त्या दिवशी प्रथमच पाहिले.

त्या प्रत्येक घरात एक मऊ, पोकळ शरीराचा जीव राहतो आणि समुद्राच्या पाण्यातला चुना घेऊन स्वतःखाली कठीण सांगाडा रचतो. उथळ पाण्यातल्या बहुतेक खडकबांधणी प्रवाळांच्या शरीरात सूक्ष्म शैवाले असतात. ती सूर्यप्रकाशात अन्न तयार करतात आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देतात. म्हणून प्रवाळाला उजेड लागतो, म्हणून स्वच्छ पाणी लागते, आणि म्हणूनच प्रवाळखडक सहसा पन्नास मीटरच्या आतल्या पाण्यातच जोमाने वाढतात. पाण्याचे तापमान साधारण १८ अंशांच्या खाली फार काळ राहून चालत नाही, आणि फार वाढले तर ही शैवाले निघून जातात व पोवळे पांढरे पडते. पाण्याला पुरेसा खारटपणाही हवा. या सगळ्या अटी विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना, साधारण ३० अंश अक्षांशांपर्यंतच्या पट्ट्यात पुऱ्या होतात. पण त्या पट्ट्यातही दक्षिण अमेरिकेच्या आणि आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यांवर थंड प्रवाहांमुळे, आणि गंगेच्या मुखाशी गोड्या, गढूळ पाण्यामुळे मोठे प्रवाळखडक आढळत नाहीत.

मुंबईत पोवळी असूनही प्रवाळखडक का नाही, याचे उत्तर यातच आहे. इथे पाणी उबदार आहे, खडकाचा आधार आहे, उथळपणा आहे. पण खाड्यांमधून येणारा गाळ आणि चार महिन्यांच्या पावसाचे गोडे पाणी यांमुळे उजेड आणि खारटपणा दोन्ही मार खातात. त्यामुळे पोवळी जगतात, पण एकेकटी, खडकाच्या आडोशाने. त्यांच्या पिढ्यांवर पिढ्या चढून प्रवाळखडक उभा राहत नाही. तरीही ती आहेत, आणि हे मुंबईकरांना फार उशिरा कळले. किनारी रस्त्याच्या कामाच्या वेळी, २०२० मध्ये, वरळी आणि हाजी अली इथल्या काही प्रवाळ वसाहती कुलाब्याच्या नेव्हीनगरच्या किनाऱ्यावर हलवण्यात आल्या, तेव्हा अनेकांनी मुंबईत पोवळी असतात हे पहिल्यांदा ऐकले. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत खडक बांधणारी सगळी प्रवाळे आहेत; तेव्हा जिवंत पोवळे राहो, किनाऱ्यावर पडलेला मेलेला तुकडाही पिशवीत घालू नये.

खडकांवर उतरणाऱ्यांनी पुढच्या गोष्टी मनावर घ्याव्यात. अमावास्या किंवा पौर्णिमेनंतरचे एक-दोन दिवस सर्वांत चांगले, कारण उधाणाच्या दिवसांत पाणी जितके चढते तितकेच खाली उतरते. अष्टमीच्या सुमारास, म्हणजे भांगेच्या दिवसांत, पाणी पुरेसे उतरतच नाही. त्या उधाणाच्या दिवसांत मुंबईची ओहोटी सकाळी आणि संध्याकाळी सहा-सातच्या आसपास येते, पण दोन्ही ओहोट्या सारख्या नसतात, म्हणून तक्त्यात उंची पाहावी आणि अर्ध्या मीटरच्या खालची ओहोटी निवडावी. ओहोटीच्या तासभर आधी पोहोचावे आणि ती होऊन गेल्यावर अर्ध्या तासात परत फिरावे. भरती सुरुवातीला इतकी सावकाश चढते की माणूस गाफील राहतो, आणि मधल्या दोन तासांत ती एकूण उंचीच्या जवळपास निम्मी चढून जाते. चपला मुळीच नकोत, घट्ट बसणारे, खरखरीत तळव्याचे बूट हवेत. भाचीच्या बुटांचा तळवा झिजलेला होता. हिरव्या शेवाळावरून तिचा पाय सरकला, हात टेकला तो नेमका कालवांच्या शिंपल्यांवर आणि तळहात दोन ठिकाणी कापला. जखम खोल नव्हती, पण प्रथमोपचाराची पेटी मी घरी विसरले होते, आणि नाखवांच्या पिशवीतल्या स्वच्छ पाण्याने आणि रुमालाने आम्हाला भागवावे लागले.

कशालाही हात लावू नये, हा नियम केवळ सज्जनपणाचा नाही. खडकावर हिरवट गुंड्यांची सतरंजी अंथरल्यासारखे जे दिसते ते प्रवाळांचेच चुलत भाऊबंद असलेले जीव आहेत आणि त्यांच्यातल्या काही जातींत तीव्र विष असते. शंकूच्या आकाराचे देखणे शंखही डंख करणाऱ्या गोगलगायींचे असू शकतात. दगड उलटला तर पुन्हा होता तसाच ठेवावा. पावसाळ्यात इकडे येऊ नये. एकट्याने जाण्यापेक्षा जाणत्या मंडळींबरोबर जावे. मरीन लाइफ ऑफ मुंबई हा गट २०१७ पासून किनाऱ्यावर अशा फेऱ्या नेतो आणि नवख्यांना समजावून सांगतो.

आठ वाजता वर आल्यावर आम्ही दर्ग्याच्या वाटेच्या टोकाशी थांबलो, कारण ज्या जागी उभ्या होतो तिथेच एकेकाळी समुद्र आत शिरत असे. मुंबई आणि वरळी या दोन बेटांमधली ती खिंड अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, विल्यम हॉर्नबी गव्हर्नर असताना, बांध घालून बुजवली गेली. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम ही सात बेटे पुढे भराव आणि बांध घालत एक झाली. कुलाब्याचा रस्ता १८३८ चा, माहीमचा १८४५ चा. मधल्या भरावाच्या सखल भागात आजही अतिवृष्टी आणि भरती एकाच वेळी आली की पाणी तुंबते, कारण ती जागा मुळात समुद्राची आहे.

ही बेटे पोवळ्यांनी बांधलेली नाहीत. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्ह्याचे थरावर थर पसरले. मुंबईचे खडक त्याच ज्वालामुखी काळाच्या अखेरच्या भागातले मानले जातात. थर पश्चिमेकडे कललेले आहेत आणि मलबार हिल ते वरळी हा उंचवटा त्याच कललेल्या थरांचा आहे. दोन लाव्हाथरांच्या मध्ये गोड्या पाण्यात साचलेल्या गाळाचे खडकही इथे आहेत आणि वरळीच्या अशा थरांत बेडकांचे जीवाश्म सापडले, म्हणजे या जागी तेव्हा तळी होती. नंतर हिमयुगात, सुमारे २० हजार वर्षांपूर्वी, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा १२० मीटरच्या आसपास खाली होती, किनारा पश्चिमेला फार लांब होता आणि आजच्या मुंबईच्या टेकड्या निव्वळ टेकड्या होत्या. बर्फ वितळला, समुद्र चढला, दऱ्या बुडाल्या आणि माथे तेवढे बेटे म्हणून उरले. एकोणिसाव्या शतकात प्रिन्सेस डॉक खणताना गाळाखाली झाडांचे उभे बुंधे सापडले होते. पाणी जमिनीवर आल्याचा याहून उघड पुरावा काय हवा?

वरळी किल्ल्यावर आम्ही फार वेळ घालवला नाही, नाष्टा तेवढा तिथे केला. साडेदहाच्या सुमारास गेटवेवरून घारापुरीची बोट धरली. लेणी सोमवारी बंद असतात, हे लक्षात ठेवावे. प्रवास साधारण तासाभराचा असतो, आणि उन्हाचा त्रास होणाऱ्यांनी वरच्या मजल्याचा मोह टाळावा. घारापुरीला उतरल्यावर सगळे लोक सरळ पायऱ्यांकडे धावतात. आम्ही धक्क्याच्या वाटेवरच थांबून दोन्ही बाजूंचा किनारा पाहिला, कारण आमच्या दृष्टीने तेच महत्त्वाचे होते. सकाळी पाहिलेला किनारा खडकाचा आणि लाटांचा होता, हा चिखलाचा आणि कांदळवनाचा. खाडीतून वाहत आलेला गाळ आडोशाला शांत पाण्यात बसतो, त्यात तिवरे रुजतात आणि त्यांची मुळे आणखी गाळ धरून ठेवतात. जिथे तिवर सुखी आहे तिथे पोवळ्याचा श्वास कोंडतो, एवढे एका नजरेत कळले. बेटाचा गाभा मात्र हाजी अलीसारखाच लाव्ह्याचा. चढावर उघड्या पडलेल्या दगडात वायूच्या बुडबुड्यांची लहान लहान छिद्रे बोटाने चाचपता येतात. त्याच दगडात त्रिमूर्ती कोरलेली आहे.

परतीच्या बोटीत भाचीने विचारले की मग लक्षद्वीप कसे तयार झाले. मला वाटते, सगळ्या दिवसातला सर्वांत मोलाचा भाग या उत्तरात होता. दख्खनचा लाव्हा पृथ्वीच्या पोटातल्या ज्या तप्त स्रोतातून वर आला, त्यावरून भारताचा भूखंड उत्तरेकडे सरकत गेला आणि मागे समुद्रात ज्वालामुखींची रांग राहिली, असे बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. लक्षद्वीप, मालदीव, चागोस, पुढे मॉरिशस, आणि शेवटी रियुनियन, जिथे ज्वालामुखी आजही जागा आहे. म्हणजे हाजी अलीचा काळा खडक आणि लक्षद्वीपच्या पांढऱ्या वाळूखाली दडलेला पाया एकाच आगीचे. तिकडचे ज्वालामुखी थंड होऊन हळूहळू खचले. पण त्यांच्या उथळ कडांवर पोवळी वसली होती आणि जमीन जितकी खाली गेली तितकी ती उजेडाकडे वर बांधत गेली. प्रथम किनाऱ्याला लागून झालर, मग जमिनीपासून सुटलेली भिंत, आणि डोंगर पुरता बुडाल्यावर मधोमध सरोवर ठेवून उरलेले कंकण. हा क्रम चार्ल्स डार्विनने १८४२ मध्ये मांडला. शंभराहून अधिक वर्षांनी, १९५२ मध्ये, प्रशांत महासागरातल्या एनिवेटॉक या कंकणद्वीपावर छिद्र घेतले गेले आणि बाराशे मीटरहून जाड चुनखडकाखाली ज्वालामुखी खडक लागला. उथळ पाण्यातच जगणाऱ्या जीवाने एवढी जाडी रचली, ती पाया खचत गेला म्हणूनच.

ज्यांना हे पाहून खरा प्रवाळखडक पाहावासा वाटेल त्यांच्यासाठी आपल्या देशात कच्छचे आखात, मन्नारचे आखात व पाल्कची सामुद्रधुनी, लक्षद्वीप आणि अंदमान-निकोबार ही मोठी ठिकाणे आहेत. महाराष्ट्रात मालवणच्या समुद्रात सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती पोवळी आहेत. कुडाळपर्यंत कोकण रेल्वेने जाऊन पुढे रस्त्याने जाता येते, आणि पाणी निवळल्यावर, म्हणजे दिवाळीनंतर जावे. विजयदुर्गापासून शंभरेक किलोमीटर आत समुद्रात, कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखला जाणारा आंग्रिया बँक हा पूर्णपणे पाण्याखालचा प्रवाळपठार आहे, पण तो सहलीचा विषय नव्हे. लक्षद्वीपसाठी प्रवेशपरवाना आधी काढावा लागतो आणि विमानाने गेल्यास अगत्तीला उतरावे लागते.

पोहता न येणाऱ्यांना मी मात्र जामनगरजवळच्या नरारा बेटाचे नाव सुचवेन. मुंबईहून जामनगरला थेट रेल्वेगाडी आहे. कच्छच्या आखातातले हे सागरी राष्ट्रीय उद्यान १९८२ चे आहे. वनखात्याची परवानगी आणि वाटाड्या घेऊन ओहोटीत प्रवाळखडकावर पायी चालत जाता येते. गढूळ पाणी आणि मोठी भरती-ओहोटी तिथेही आहे, पण पाऊस अगदी थोडा, आणि म्हणून मुंबईत जे एकेकटे राहिले ते तिथे खडक बांधू शकले. भाचीची परीक्षा संपली की आम्ही जाणार आहोत. तक्ता पाहून ठेवला आहे, अमावास्येनंतरचा दुसरा दिवस धरला आहे आणि तिच्यासाठी नवे बूट घेतले आहेत.