दार उघडले, पण कोणी?

एस्पेरांतो या मुद्दाम घडवलेल्या आंतरराष्ट्रीय भाषेच्या क्रियापदाचे नियम एका पानावर मावतात, तर मग त्यात चुकण्यासारखे काय उरते, असे तुम्ही विचारलेत. तुमच्याआधीही अनेकांनी विचारले आहे.

प्रत्ययांपुरते पाहिले तर शंका रास्त आहे. तिचे निर्माते झामेनहोफ यांनी १८८७ साली वॉर्सा येथे ही भाषा प्रसिद्ध केली तेव्हापासून वर्तमानाला ‘आस’, भूतकाळाला ‘इस’, भविष्याला ‘ओस’ असेच चालत आले आहे. गेलो, गेली, गेले, गेल्या या सगळ्यांसाठी एकच ‘इरिस’ पुरते आणि अनियमित क्रियापद एकही नाही.

माझी चूक झाली ती ‘उघडणे’ या साध्या क्रियापदावर. एका पत्रात ‘दार उघडले’ असे लिहायचे म्हणून मी ‘ला पोर्दो मालफेर्मिस’ असे लिहिले. पत्र वाचणाऱ्याने उलट विचारले, ‘दाराने काय उघडले?’ त्याचे बरोबर होते. मराठीत ‘दार उघडले’ आणि ‘मी दार उघडले’ या दोन्ही वाक्यांत क्रियापद तेच राहते, त्यामुळे ते अकर्मक आहे की सकर्मक याचा विचार करण्याची वेळ आपल्यावर सहसा येत नाही. एस्पेरांतोत मात्र हा स्वभाव धातूलाच चिकटलेला असतो. ‘मालफेर्मी’ सकर्मक आहे, म्हणून ‘मी मालफेर्मिस ला पोर्दोन’ हे बिनचूक (‘मी’ हे सर्वनाम तिथेही ‘मी’च आहे, याचा मला अजून आनंद होतो), पण दार आपले आपण उघडले असेल, तर मध्ये ‘इज’ घालून ‘ला पोर्दो मालफेर्मिजिस’ असेच म्हणावे लागते.

उकळण्याचे नेमके उलटे आहे. ‘बोली’ हा धातू अकर्मक, म्हणून ‘ला आक्वो बोलास’, म्हणजे पाणी उकळते आहे. ते कोणी उकळत असेल तर ‘इग’ जोडून ‘बोलिगास’. कोणत्या धातूचा स्वभाव कोणता, हे प्रत्येक शब्दाबरोबर शिकावेच लागते, आणि माझ्या मते खरा अभ्यास इथेच आहे. मराठी माणसाला तो परका वाटू नये. मरणे-मारणे, पडणे-पाडणे या जोड्या आपण न चुकता वापरतोच; तिथे ‘मोर्ती-मोर्तिगी’, ‘फाली-फालिगी’ अशा जोड्या आहेत, फरक इतकाच की आपण आतला स्वर बदलतो आणि ती भाषा प्रत्यय जोडते. फुटणे-फोडणे मात्र दिशा बदलून येते: ‘रोम्पी’ म्हणजे फोडणे हे मूळ, आणि ‘रोम्पिजी’ म्हणजे फुटणे हे त्यावरून साधलेले.

‘मालफेर्मिजिस’ म्हणजे कर्मणी प्रयोग का, हा पुढचा प्रश्नही ठरलेला असतो. तसे नाही. ‘एस्तिस मालफेर्मिता’, म्हणजे ‘उघडले गेले’, म्हटले की दारामागे उघडणारा हात गृहीत धरला जातो, तो कोणाचा हे सांगितले नसले तरी. ‘मालफेर्मिजिस’ म्हणताना त्या हाताचा विचारच नसतो, वाऱ्याने उघडलेल्या दारालाही ते चालते.