तुम्ही विचारलंत म्हणून: दुखतो गुडघा, मग व्यायाम खुब्याचे का?

जळगावात फिजिओथेरपी करते म्हटल्यावर हा प्रश्न क्लिनिकमध्ये तर येतोच, लग्नाच्या पंगतीतही येतो. मेहरूण तलावावर सकाळी धावणारे काका विचारतात, पोलीस भरतीची पोरं विचारतात, आणि अमळनेर-पारोळ्याकडचा कोणी असला तर सरळ ऐकवतो, "ताई, दुखस गुडघा, आनि व्यायाम खुबाना?"

मी काही बोलत नाही, आरशासमोर पायरीवर उभं करते. वीतभर उंचीची साधी पायरी. एका पायावर उभं राहायचं, दुसऱ्या पायाची टाच हळूहळू खाली टेकवायची आणि परत वर. पहिली दोन-चार बरी जातात, मग उभ्या पायाचा गुडघा आत वळायला लागतो, पार अंगठ्याच्या आत, आणि दुसऱ्या बाजूची कंबर खाली लचकते. पोरगं दात-ओठ खाऊन सरळ ठेवायला बघतं तरी गुडघा आतच.

धावताना दोन्ही पाय एकदम जमिनीवर कधीच नसतात ना, म्हणजे प्रत्येक पाऊल हे एका पायावर उतरणंच, आणि तेव्हा कंबर सरळ धरायचं मुख्य काम कुल्ह्याच्या बाहेरच्या बाजूचा ग्लुटिअस मीडिअस नावाचा स्नायू करतो. तो कमी पडला की मांडीचं हाड आत फिरतं आणि गुडघ्याच्या वाटीवरचा दाब एका कडेला जातो. मग जिना उतरताना, उकिडवं बसताना वाटीच्या मागे दुखतं, त्याला रनर्स नी म्हणतात. आणि गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, ठराविक अंतर गेलं की बरोबर त्याच जागी कळ येत असेल, उतारावर जास्त, तर बहुतेक आयटी बँड, म्हणजे खुब्यापासून गुडघ्यापर्यंत मांडीच्या बाहेरून जाणारा जाड पट्टा. गुडघ्याची गत एकत्र कुटुंबातल्या मधल्या सुनेसारखी, वरच्यांचं आणि खालच्यांचं दोघांचंही तिलाच निस्तरावं लागतं.

म्हणून कुशीवर झोपून पाय वर उचलणं, ब्रिज म्हणजे पाठीवर झोपून, गुडघे वाकवून, आधार न घेता कंबर वर उचलणं, तीच पायरी, आणि सोबत मांडीचे व्यायाम. नुसत्या गुडघ्याच्या व्यायामापेक्षा दोन्ही मिळून फरक जास्त पडतो. पण "मशीन लावा ना ताई" हे काही सुटत नाही, शेक घेतला की बरं वाटतं हे खरंच आहे, पण त्याने स्नायूत ताकद येत नाही.

आता सगळ्यांचेच खुबे कमजोर असतात असंही नाही हां. पायरीवर एकदम सरळ उतरणारेही दुखणं घेऊन येतात, आणि भरतीच्या पोरांत निम्मा दोष मी भरतीच्या जाहिरातीला देते. मैदानी चाचणीच्या ५० पैकी २० मार्क मुलांना १६०० मीटरचे, मग जाहिरात येईपर्यंत निवांत असलेलं पोरगं दुसऱ्या दिवसापासून रोज घड्याळ लावून पळतं. दम लवकर वाढतो, हाडं आणि टेंडन, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्या, त्या वेगाने तयार होत नाहीत. अशांना मी पावलं थोडी छोटी आणि जलद टाकायला सांगते, मिनिटाला ५ ते १० टक्के पावलं वाढवली तरी गुडघ्यावरचा भार कमी होतो.

आणि घरचे म्हणतात "गॅप आलाय, वंगण संपलं, धावणं सोड". विशीत कुठलं वंगण संपतंय! २०१७ मधल्या एका मोठ्या आढाव्यात हौसेने धावणाऱ्यांपैकी साधारण साडेतीन टक्के लोकांत खुब्याची किंवा गुडघ्याची झीज दिसली, न धावणाऱ्या बैठ्या लोकांत दहा टक्क्यांच्या आसपास. स्पर्धेसाठी धावणाऱ्यांत मात्र तेरा टक्के होती, तेही सांगायला हवं.

एका दुखण्याला मात्र मी व्यायाम देतच नाही. विचारलं की "मांडीत, गुडघ्याच्या वर दुखतं" म्हणतात पण बोट जातं जांघेत, आणि त्या पायावर एक उडी मारायला सांगितली की चेहराच बदलतो. खुब्याचं दुखणं गुडघ्यापर्यंत जाणवू शकतं, नसा सामायिक असतात. धावणाऱ्यात असं असलं की मांडीच्या हाडाच्या मानेला बारीक चीर नाही ना हे आधी बघायचं, विशेषतः जेवण कमी आणि पाळी बंद झालेल्या मुलींमध्ये. सुरुवातीला एक्स-रे साफ येऊ शकतो, एमआरआयमध्ये कळतं. तोवर पळणं बंद आणि तडक हाडांच्या डॉक्टरकडे. ती चीर सरकली तर ऑपरेशनच आहे.

बाकी सगळ्यात अवघड गिऱ्हाईक म्हणजे "ताई, ग्राउंड पंधरा दिवसांवर आहे" म्हणत येणारा, ग्राउंड म्हणजे तीच मैदानी चाचणी. पंधरा दिवसांत स्नायू बनत नाही, त्याला सहा ते बारा आठवडे लागतात, हे त्याला आधीच सांगते. मग रोजचं पळणं एक दिवसाआड, अंतर निम्मं, उतार बंद, वाटीला टेप, तेवढ्यापुरता आराम पडतो टेपने. पळताना दुखणं दहापैकी तीनच्या वर गेलं की थांबायचं, दुसऱ्या दिवशी सकाळी वाढलेलं असलं तर पुढचा दिवस सुट्टी. पोस्टिंग मिळालं की पेढे घेऊन येतात, पण कुशीवरचे व्यायाम तोवर कधीच सुटलेले असतात.