सुट्टी मिळते, रजा मागावी लागते

महोत्सवी अंकासाठी लिहायचे ठरल्यावर इंग्रजीचा तास आठवला. सीमाभागातली मुले जिथे हमखास अडखळतात, त्या शब्दांविषयीच लिहावेसे वाटले: लीव्ह, हॉलिडे, व्हेकेशन आणि ऑफ.

मराठीत रजा आणि सुट्टी वेगळ्या आहेत. रजा हा मूळचा अरबी शब्द, अर्थ संमती. सुट्टीचे नाते सुटण्याशी. जुन्या इंग्रजीत लीव्ह म्हणजेही परवानगीच, त्यामुळे रजा आणि लीव्ह ही जोडी अगदी चपखल बसते. पण बेळगावात कानावर कन्नडही असते आणि कन्नडमध्ये हाच शब्द 'रजे' होऊन दोन्ही कामे करतो. शाळा बंद असली तरी 'शालेगे रजे', अर्ज टाकला तरी रजेच. म्हणून इथला मुलगा 'टुडे स्कूल हॅज लीव्ह' असे लिहून जातो. बंद राहण्यासाठी शाळा कोणाची परवानगी मागत नाही. तिथे 'टुडे इज अ हॉलिडे' हवे.

त्या वाक्यातला 'अ' गाळू नये. हॉलिडे मोजता येतो, लीव्ह मोजता येत नाही. 'आय वॉन्ट अ लीव्ह' चूक, 'आय नीड लीव्ह' बरोबर. दिवस सांगायचे तर 'थ्री डेज लीव्ह', आणि लिहिताना डेजच्या एसनंतर वरचा स्वल्पविराम. सर्वात महाग पडणारी चूक म्हणजे 'आय ॲम लीव्हिंग फ्रॉम मंडे'. वाचणाऱ्याला वाटते, माणूस नोकरी सोडून चालला. रजेवर असणे म्हणजे 'ऑन लीव्ह'. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आपल्याच गावात. गावी आलेला जवान 'सुट्टीवर आलोय' म्हणतो, पण त्याच्या कागदावर लीव्हच असते, कारण ती मंजूर झालेली असते.

अर्जात 'फॉर टू डेज फ्रॉम फिफ्थ' एवढेच लिहून थांबू नये. सातातून पाच वजा करून कोणी दोन दिवस धरतो, पण 5 ते 7 तारीख म्हणजे तीन दिवस होतात, दोन नव्हेत. दोन्ही तारखा लिहून पुढे 'इन्क्लुसिव्ह' लिहावे आणि 8 तारखेला हजर होणार हेही नोंदवावे. मध्ये रविवार आला तर तो कोणत्या रजेत पडतो ते पाहावे. केंद्र सरकारच्या नियमांप्रमाणे, म्हणजे पोस्टासारख्या खात्यात, नैमित्तिक रजेत तो धरत नाहीत. अर्जित रजेत मात्र धरतात.

हॉलिडे म्हणजे मुळात पवित्र दिवस, सणाचा दिवस. व्हेकेशनच्या मुळाशी लॅटिनमधले रिकामे असणे आहे. रिकाम्या जागेला व्हेकंट म्हणतात, तेच हे घराणे. न्यायालये, शाळा आठवडेच्या आठवडे बंद राहतात ते व्हेकेशन. कर्नाटकात शाळेला दसऱ्याची मोठी सुट्टी, पलीकडे महाराष्ट्रात चंदगडच्या मुलांना दिवाळीची. इंग्रजीत दोन्ही व्हेकेशनच. आठवडाभर समुद्रकाठी गेलेले इंग्रज कुटुंब 'ऑन हॉलिडे' असते, अमेरिकन कुटुंब 'ऑन व्हेकेशन'. दोन्ही शुद्ध आहेत. एका निबंधात मात्र एकच धरावे.

शाळेत तासांच्या मध्ये होणारी छोटी सुट्टी, मोठी सुट्टी यांना हॉलिडे म्हणू नये. ते ब्रेक किंवा रिसेस.

उरला ऑफ. 'टुडे इज माय ऑफ' हे आपल्याकडे दुकानात, कारखान्यात सर्रास ऐकू येते. आठवड्याच्या सुट्टीला आपल्याकडे 'वीकली ऑफ' म्हणतात, ते चालून जाते. एरवी 'डे ऑफ' म्हणावे. शब्द उलटले की अर्थ पालटतो. 'डे ऑफ' म्हणजे कामाला न जाण्याचा दिवस आणि 'ऑफ डे' म्हणजे कामावर असूनही हातून काही धड न होण्याचा दिवस. क्रिकेटच्या बातमीत गोलंदाजाचा 'ऑफ डे' होता असे वाचले, तर तो मैदानातच होता, बळी मात्र मिळत नव्हते.