डोंगरावरचं कुलूपबंद घर: विमा कशाचा आणि राखण कशाची

पन्हाळ्यावर, आंब्याला, गगनबावड्याच्या वाटेवर, राधानगरीच्या बाजूला कोल्हापूरकरांची दुसरी घरं आहेत. कुणाचं जांभ्याचं कौलारू, कुणाचं स्लॅबचं, कुणाचं शेतातलं पत्र्याचं. मे महिन्यात गजबज, दिवाळीत चार दिवस, आणि बाकी सगळं वर्ष दाराला कुलूप. राहत्या घरात छपरातून थेंब पडला तर त्याच रात्री खाली घमेलं येतं. बंद घरात तोच थेंब जूनपासून सप्टेंबरपर्यंत पडत राहतो आणि दसऱ्याला दार उघडून बघावं तर वासा बोटाने खरवडला तरी भुगा होतो. या वाशाचे पैसे कोणतीही विमा कंपनी देत नाही. त्याच वाशावर वादळात झाड पडलं असतं तर दिले असते. हा फरक डोक्यात ठेवूनच पॉलिसीही घ्यावी आणि घरही राखावं.

घरांसाठी १ एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी आहे. सर्वसाधारण विमा करणाऱ्या कंपन्यांकडे ती मिळते आणि मूळ मजकूर सगळीकडे एकच असतो. आग, वीज, भूकंप, वादळ, पूर, दरड, जमीन खचणं, वणवा, गाडी किंवा झाड आदळणं, दंगल, पाण्याची टाकी किंवा पाइप फुटणं हे सगळं त्यात येतं. नुसती घरफोडी येत नाही. वरच्यापैकी एखादी घटना घडली आणि तिच्यामुळे सात दिवसांच्या आत चोरी झाली, तर तेवढीच चोरी धरतात. एरवी कुणी कडी तोडून पंप, गॅस शेगडी, नळाच्या तोट्या नेल्या तर त्यासाठी घरफोडीचं वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. बंद घराला याचीच जास्त गरज असते आणि नेमकं तेच घ्यायचं राहून जातं.

प्रस्ताव फॉर्ममध्ये घर कोण वापरतं ते विचारलेलं असतं. तिथे खरं लिहायचं: सुट्टीचं घर, वर्षातले बरेच महिने बंद. एजंट घाईघाईने 'स्वतः राहतात' अशी खूण करतो, ती चालवून घेऊ नका. जुन्या आगीच्या पॉलिसीत घर सलग ३० दिवसांपेक्षा जास्त रिकामं राहिलं आणि कंपनीची लेखी संमती नसली तर संरक्षण थांबत असे. घरफोडीच्या पॉलिसींमध्ये रिकाम्या घराची अट आजही असते, दिवस मात्र कंपनीप्रमाणे बदलतात. ती ओळ शोधा, आणि घर बंद असतं याची नोंद पॉलिसीवर लेखी करून घ्या. फोनवर 'काही होत नाही साहेब' असं सांगितलेलं क्लेमच्या वेळी कुणी धरत नाही. शनिवार-रविवार घर भाड्याने देत असाल तर ती आणखी वेगळी गोष्ट. भारत गृह रक्षा राहत्या घरासाठी आहे, होमस्टे हा धंदा आहे आणि त्याला धंद्याची पॉलिसी लागते.

रकमेत सगळ्यात जास्त चुका होतात. प्लॉटसकट घर ५० लाखांना घेतलं म्हणून विमा ५० लाखांचा, हा हिशेब खोटा. जमीन जळत नाही. विमा करायचा तो घर पुन्हा बांधायच्या खर्चाचा: कार्पेट एरिया गुणिले बांधकामाचा दर. घराचा कार्पेट एरिया ७०० चौरस फूट म्हणजे ६५ चौरस मीटर. पुढचा २०० चौरस फुटांचा व्हरांडा म्हणजे १८.६ चौरस मीटर, पण व्हरांडा, बाल्कनी, गच्ची यांचं क्षेत्र चौथाईच धरतात, म्हणून ४.६५. एकूण ६९.६५ चौरस मीटर. नमुन्यादाखल चौरस मीटरला २२,००० रुपये दर धरला तर रक्कम साधारण १५ लाख ३२ हजार होते. तुमचा दर मात्र त्या जागेचा हवा. शहरातला दर डोंगरावर चालत नाही, कारण जांभा, वाळू, सिमेंट घाट चढून आणायचं असतं आणि मिस्त्रीही तिथे मुक्कामी ठेवावा लागतो. घरातल्या सामानाचं संरक्षण इमारतीच्या रकमेच्या २० टक्के आपोआप मिळतं, कमाल १० लाख. सुट्टीच्या घराला एवढं पुरतं. सोनं तिथे ठेवूच नका.

बँकेने कर्ज देताना काढलेला विमा बहुतेक वेळा कर्जाच्या रकमेपुरता असतो. कर्ज फिटलं की तो कुणाच्या लक्षातही राहत नाही आणि संपतो. नंतर खोली वाढवली, आणि कार्पेट एरिया १० टक्क्यांहून जास्त वाढला, तर त्या वाढीव बांधकामाचं नुकसान मूळ पॉलिसीत धरत नाहीत. म्हणून काम झाल्या झाल्या कंपनीला कळवून रक्कम वाढवून घ्यायची.

कागदांचं म्हणाल तर आपल्याकडे गाडी अडते ती नावावर. सातबारा वडिलांच्या नावाने, घरफाळा थोरल्या भावाच्या नावाने, विमा धाकट्याच्या. वडील वारले असतील तर आधी वारसा नोंद करून घ्या आणि घर सामाईक असेल तर पॉलिसीवर सगळ्यांची नावं घाला. गावातल्या घराला ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा आणि चालू घरफाळ्याची पावती पॉलिसीच्याच फाइलमध्ये ठेवावी.

आता डोंगरउताराबद्दल, कारण आपल्या भागातलं मोठं नुकसान तिथूनच येतं. जुलै २०२१ च्या पावसात पन्हाळ्याला जाणारा मुख्य रस्ताच खचला होता. उतारावर प्लॉट सपाट करायला आधी भराव टाकतात, मग तो धरून ठेवायला संरक्षक भिंत बांधतात. भारत गृह रक्षात संरक्षक भिंत, कंपाउंड, फाटक हे इमारतीतच मोजतात, ही मोठी सोय आहे. पण टाकलेला भराव बसणं, नव्या बांधकामाला पडणाऱ्या साध्या भेगा, सदोष बांधकाम आणि शेजारच्या खोदाईने झालेलं खचणं यांना भरपाई नाही. म्हणजे वरून दरड आली तर पैसे मिळतात, भराव दाबला जाऊन पडवी कलली तर मिळत नाहीत.

ही भिंत जवळ जाऊन बघा. तिच्या तोंडावर तीन-चार इंची पाइपची भोकं दिसायला हवीत, आडवी दर मीटर-दीड मीटरवर, बाहेरच्या बाजूला किंचित उतार असलेली. भिंतीमागचं पाणी याच भोकांतून बाहेर येतं. आतल्या तोंडाशी गोटे आणि खडीचा थर नसेल तर माती वाहून येते आणि भोकं बुजतात. मग मागे पाणी साठतं, ओल्या मातीचा नि पाण्याचा दाब वाढत जातो आणि भिंत पोटाशी फुगते. मुसळधार पावसातही भोकं कोरडी असतील तर बरं वाटून घेऊ नका, ती बुजलेली असण्याचीच शक्यता जास्त. मे महिन्यात लोखंडी गज घालून ती मोकळी करायची. भेग दिसली तर तिच्यावर काचेची पट्टी आडवी ठेवून दोन्ही टोकं सिमेंटने चिकटवा आणि बाजूला तारीख लिहा. काच फुटली की भिंत हलते आहे हे पक्कं, मग गवंडी नको, स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा. तारखेसकट काढलेला त्या पट्टीचा फोटो पुढे भिंत दरडीने पडली की आधीपासूनच कलत होती, या वादात कामाला येतो.

छपराचं काम वळीव सुरू व्हायच्या आत उरकावं. कौलांची शाकारणी करताना आढ्यावरची कौलं आणि वळचणीची शेवटची ओळ आधी बघायची, कारण माकडं तिथेच उड्या मारतात. पन्हळीत पाला अडला की पाणी उलटं चढून शेवटच्या कौलाखालून भिंतीत उतरतं. जांभा पाणी पितो, त्यामुळे ओल आतल्या गिलाव्यावर उमटेपर्यंत भिंत आतून भिजून गेलेली असते. पत्र्याच्या छपराला धोका मधे नसतो, कडांना असतो. वारा कडेखाली शिरून पत्रा उचलतो, म्हणून कडेच्या पट्ट्यांना हूक जवळजवळ हवेत आणि उन्हाने तडकलेले वॉशर बदलायला हवेत. वादळाने उडालेल्या पत्र्याची भरपाई आहे, पण गंजून तुटलेले हूक सर्व्हेअरच्या, म्हणजे नुकसान तपासायला कंपनीने नेमलेल्या माणसाच्या, नजरेतून सुटत नाहीत.

कुलूप लावताना मेन स्विच बंद. कॅमेरा चालू ठेवायचा असेल तर त्याची लाइन वेगळ्या एमसीबीवर (बोर्डातल्या स्वतंत्र खटक्यावर) घ्या आणि बाकी सगळं उतरवा. ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच, बसवलेला असेल तर त्याचं टेस्ट बटण प्रत्येक खेपेला दाबून बघा, ते दाबलं की पुरवठा तुटलाच पाहिजे. एप्रिल-मेच्या वळिवात विजा फार होतात. टीव्ही, राउटर, बोअरच्या स्टार्टरची लाइन काढून ठेवलेली असेल तर तारेतून येणारा झटका आत पोचत नाही. गॅसचा रेग्युलेटर काढून सिलिंडरला टोपण लावायचं, आणि बाहेरून येणाऱ्या नळाचा व्हॉल्व्ह मीटरपाशीच बंद करायचा. टाकीचा तरंगता बॉल अडकला की पाणी आठवडाभर भिंतीवरून वाहत राहतं.

घर पूर्ण हवाबंद करू नका, हे मी आग्रहाने सांगेन. पावसाळ्यात बंद खोलीत गाद्यांना, चामड्याला, लाकडाला बुरशी येते. समोरासमोरच्या दोन खिडक्या वरच्या अंगाला जाळी लावून उघड्या ठेवा. गाद्या उभ्या करा, कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. राखणदाराला महिन्याचे पैसे देताना काम नेमकं सांगा: पंधरा दिवसांनी एकदा, आणि मोठ्या पावसानंतर दुसऱ्या दिवशी, ठरलेल्या सहा जागांचे फोटो व्हॉट्सॲपवर. छप्पर आतून, टाकी, मीटर, मागचं दार, भिंतीची भोकं, काचेची पट्टी. 'जरा लक्ष ठेव मामा' एवढ्यावर कुणाचंच लक्ष राहत नाही.

पुण्या-मुंबईत स्थिरावलेल्यांचं दुसरं घर बऱ्याचदा कोल्हापुरातच असतं, आईवडिलांचं. ते दुधाळी, सुतारवाडा, शाहूपुरी कुंभार गल्ली, रमणमळा, नागाळा पार्क अशा भागात असेल तर पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यापाशी पाण्याची पातळी पावसाळ्यात रोज बघावी. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. शेजाऱ्याकडे किल्ली देऊन ठेवा आणि ३९ ला काय करायचं ते आधीच ठरवा: तळमजल्यावरची वीज बंद, कागदपत्रं नि फ्रिज वरच्या मजल्यावर, बाथरूमच्या जाळ्या नि संडासाचं तोंड वाळूच्या पिशव्यांनी दाबून. पाणी दारातून यायच्या आधी ड्रेनेजमधून उलटं येतं. विम्याची सुरुवात किंवा नूतनीकरण एप्रिल-मेमध्येच करा. नदी चढू लागल्यावर पॉलिसी मिळेल या भरवशावर राहू नका.

नुकसान झालंच तर कंपनीला त्याच दिवशी कळवून क्लेमचा नंबर लिहून घ्या. क्लेमचा फॉर्म नुकसान लक्षात आल्यापासून ३० दिवसांच्या आत द्यावा लागतो. चोरी असेल तर पोलीस, आग असेल तर अग्निशमन दल. पुराच्या वेळी तलाठी पंचनामा करतात तो सरकारी मदतीसाठी, त्याची प्रत घ्या, पण त्याने सर्व्हेअरची पाहणी टळत नाही. सर्व्हेअर येईपर्यंत चिखलात भिजलेली सोफ्याची सांगाडी किंवा गादी गाडीत भरून पाठवू नका. वास सुटला तर आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा, भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेशी टेप धरून उंची दिसेल असा एक फोटो घ्या आणि कंपनीला कळवून मगच सामान बाहेर काढा. राडारोडा उचलायचा खर्च क्लेमच्या २ टक्क्यांपर्यंत आणि इंजिनिअर-आर्किटेक्टची फी ५ टक्क्यांपर्यंत मिळते, त्यांच्या पावत्या ठेवा.

क्लेम नाकारला किंवा कापला तर कारण लेखी मागा आणि आधी कंपनीच्याच तक्रार विभागाकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात उत्तर नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालांकडे जाता येतं. कोल्हापूरसाठी ते कार्यालय पुण्याला आहे. फी नाही, वकील लागत नाही. कंपनीचं शेवटचं उत्तर आल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज पोचला पाहिजे, आणि राखणदाराने पंधरवड्याला पाठवलेले ते तारखेचे फोटो त्या अर्जाला जोडायचे.